हेमचंद्र सर आणि मैत्रिणी

सगळ्या घोटाळ्याची सुरुवात न्हाणीघरात झाली. शनिवार होता. माझी नात इरा आत बसून शाळेचे पांढरे बूट घासत होती आणि मी बाहेर आंघोळीची वाट बघत उभा होतो. मुलाच्या या परदेशातल्या, पुंगोलमधल्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरं दोन आहेत, पण माझा नंबर नेहमी तिसरा असतो. तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं. आवाज जाड, खालचा, थोडा खरखरीत, पण सुरात. इतका सुरात की मी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसल्याने जास्त ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, पण आम्हा मास्तर लोकांची ही सवयच असते.

मला आश्चर्य वाटलं, कारण इराने गाणं सोडलं होतं. शाळेच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानात, ती मोठ्या हौसेने गेली. तिथल्या बाईंनी तिला फार प्रेमाने सांगितलं की तुझा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही, तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव. हे इराने आम्हाला जेवताना सांगितलं, बस उशिरा आली हे सांगावं तसं, शेवटी इथल्या ‘लाह’ची शेपटी लावून. “मॅम वॉज व्हेरी नाइस, आजोबा. शी सेड माय व्हॉइस इज स्पेशल. सो डोन्ट यूज, लाह.”

मी नाशिकला आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आणि सकाळची प्रार्थना पेटीवर घेतली. वर्गात ‘गप्प बसा’ हे मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं, तर आत्तापर्यंत मला मोक्ष मिळाला असता. पण तोंड उघड आणि गप्प बस, असं मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून घरात पेटी निघाली की इरा उठून दुसऱ्या खोलीत जायची. आणि आज ती गात होती!

“कोणाचं गं हे गाणं?” ती बूट घेऊन बाहेर आल्यावर मी विचारलं.

“इट्स अ कव्हर, आजोबा.”

कव्हर म्हटल्यावर मला वहीला घालतात ते आठवलं. संध्याकाळी माझा मुलगा सारंग शनिवार असूनही आंग मो किओ भागातलं ऑफिस संपवून आला तेव्हा त्याने खुलासा केला. सारंग आयटीत मॅनेजर आहे, त्यामुळे मीठ कुठे आहे हे सांगतानाही तो ‘मुळात तीन मुद्दे आहेत’ अशी सुरुवात करतो. तर मुळात, एका रॉकवाल्याचं हे गाजलेलं गाणं. ते पुढे अमेरिकेतल्या एका काउबॉय टोपीवाल्या बाईने आपल्या पद्धतीने गायलं. तिकडे खेड्यापाड्यांतलं, गिटारवरचं जे गाणं असतं त्याला कंट्री म्हणतात. शब्द तेच, गाणं तेच, फक्त ढंग वेगळा.

आधी त्याने रॉकवाल्याचं ऐकवलं. कोणीतरी त्या माणसाचं बोट दारात चेपलं आहे आणि दार उघडायला कोणी तयार नाही, असं ते गाणं होतं. मग बाईचं लावलं. एक गिटार, सावकाश लय, आणि खालच्या पट्टीतला आवाज. शब्दांचा अर्थ साधा: जायचं तर जा, कुत्राही घेऊन जा, पण जाताना व्हरांड्यातला दिवा तेवढा चालू ठेव. रॉकवाला हे ओरडून सांगत होता, म्हणजे चालता हो. बाई हळू सांगत होती, म्हणजे जमलं तर परत ये. शब्द तसूभर बदललेला नाही आणि अर्थ उलटा!

“हात्तिच्या,” मी म्हटलं, “म्हणजे चाल बदलली. आमच्या गल्लीत एकच आरती चार घरांत चार चालींवर म्हणत. त्याला कोणी कव्हर म्हटलं नाही.”

“बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्ट आरतीवर नेता,” सारंग म्हणाला.

इरा मात्र माझ्याकडे बघत होती. “आजोबा, शी साउंड्स लाइक मी,” ती म्हणाली.

बस्. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे गाणं इरा दिवाळीच्या संमेलनात गाणार, आणि पेटीवर साथ मी करणार. इराचा होकार आहे असं मी धरून चाललो.

“अहो, पोरीला विचारलंत का?” माझी बायको स्मिता म्हणाली.

“तिच्या चेहऱ्यावर दिसतंय,” मी म्हटलं. मुलांचे चेहरे वाचण्याचा अनुभव माझ्या पाठीशी होता.

दुसऱ्या दिवशी पेटी काढली. मी इराला काळी पाचमध्ये बसवलं, कारण माझ्या शाळेत मुली काळी पाचमध्ये गात. का, असं मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. इराचा आवाज वर जाता जाता चिरकला. मी म्हटलं, “शाबास, जरा अजून उचल.” मास्तरांच्या ‘शाबास’मध्ये किती निराशा मावते हे मुलांना बरोबर कळतं. तिने अजून उचलला. तो अजून चिरकला.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरचा तरुण उभा होता, पायात चपला आणि चेहऱ्यावर काळजी.

“अंकल, सॉरी हां. युवर व्हॅक्युम क्लीनर स्पॉइल, इझ इट? माय कझिन कॅन रिपेअर.”

स्मिता स्वयंपाकघरात जाऊन हसली, हे तिचे उपकार. मी त्या मुलाला पेटी दाखवली, भाता दाखवला. त्याने फार आदराने सगळं बघितलं आणि जाताना पुन्हा म्हणाला, “माय कझिन व्हेरी चीप.”

आता संमेलनाकडे वळू. ते भरवतं पुंगोलमधल्या मराठी घरांचं एक छोटं मंडळ, आणि ते चालवतात निशिकांत. माणूस भला. बँकेतली नोकरी सांभाळून मंडळासाठी इतका राबतो की त्याला नावं ठेवताना जिभेला लाज वाटते. आम्ही ती लाज बाजूला ठेवून नावं ठेवतो. त्यांचा फोन आला.

“काका, तुमची एंट्री मिळाली. पण गाणं इंग्रजी दिसतंय.”

“हो.”

“मंडळ मराठी आहे.”

“गाणारी मराठी आहे, पेटी मराठी आहे, पेटीवाला मराठी आहे. मंडळी चारांत तीन मराठी.”

“तसं नाही काका. आणखी एक. हॉलवाल्यांना कळवावं लागतं, मूळ गाणं की कव्हर. मूळ तर नाही ना हे?”

“मूळ रॉकवाल्याचं. ते बाईंनी घेतलं. बाईंचं इराने घेतलं.”

“म्हणजे कव्हरचं कव्हर. काका, एक करा, हॉलच्या ऑफिसला तुम्हीच फोन करा.”

मी केला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिला मी सगळी वंशावळ सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, इन सिस्टिम ओन्ली ओरिजिनल ऑर कव्हर. कव्हर ऑफ कव्हर कॅनॉट.”

“मग काय करू?”

“कॅन पुट ‘डान्स’, सर. डान्स इज ईझी.”

मी नाचात घातलं. जगात पुष्कळ अनर्थ सोयीपोटी होतात, त्यांतला हा एक.

इकडे समितीची बैठक झाली आणि तोडगा निघाला: इंग्रजी कडवं नुसतं वाजेल, त्यावर गायचं नाही. गायला एक मराठी कडवं असेल, आणि ते काकांनी लिहावं. मी लिहिलं. वृत्तात बसवलं, कुत्र्यासकट. निशिकांतांचा पुन्हा फोन.

“काका, छान झालंय. फक्त दिवाळीत कुत्रा...”

“अहो, तो मुळात आहे.”

“वसुबारस आहे ना त्या दिवशी. गाय करता येईल का?”

मी गाय केली. अमेरिकेतला एखादा माणूस घर सोडून जाताना गाय घेऊन जात असेलही, आपल्याला काय माहीत. मग फोन आला की सणासुदीला ‘जा’ म्हणणं बरं दिसत नाही, समितीतल्या काही वहिनींना खटकतंय, ‘ये’ करा. मी ‘ये’ केलं. व्हरांडा जाऊन अंगण आलं. दिवा होता, त्याची पणती झाली. शेवटी गाण्यात एक माणूस गाय घेऊन घरी येत होता आणि अंगणात पणत्या लागल्या होत्या. मी ते कडवं इराला वाचून दाखवलं.

“आजोबा, हू इज गोइंग?” तिने विचारलं.

“आता कोणीच जात नाहीये.”

“देन व्हाय सॅड साँग?”

याचं उत्तर समितीकडे मागावं असा माझा विचार होता, पण समितीला विचारलं की उपसमिती होते.

पेटीला घरात बंदी झाली होती. म्हणजे बंदी नव्हे, पण माझी सून, नाव पूर्वी, घरून काम करते आणि तिच्या एका मीटिंगमध्ये परदेशातल्या साहेबाने ‘तुमच्याकडे कोणी आजारी आहे का’ असं विचारलं. म्हणून मी पेटी ट्रॉलीवर घातली आणि इराला घेऊन इमारतीच्या तळाशी गेलो. इथे इमारतींच्या खाली सगळं मोकळं ठेवलेलं असतं, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे लग्न होतं, अंत्यविधी होतो, बुद्धिबळ होतं. मी म्हटलं, गाणंही होईल.

तर तिथे काउबॉय टोप्या घातलेल्या चिनी आज्या नाचत होत्या.

मी जसं घडलं तसंच सांगतो आहे. डझनभर आज्या, कोणी साठीच्या, कोणी सत्तरीच्या, ओळीत उभ्या, अंगठे पँटच्या खिशात अडकवलेले, टाच-चवडा, टाच-चवडा. आणि स्पीकरवर चालू होतं त्याच बाईचं तेच गाणं! इराने माझा हात इतक्या जोरात दाबला की माझी संधिवाताची बोटं मोजून दाखवता आली असती.

त्यांच्या पुढारी मिसेस कोह. बुटक्या, ताठ, एकेकाळी शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपल. ते कळण्याआधीच मी नकळत सरळ उभा राहिलो होतो. मी त्यांना आमची अडचण सांगितली.

“धिस साँग? एव्हरी ट्यूस्डे वी डान्स,” त्या म्हणाल्या. “रॉक वन ऑल्सो वी ट्राय. आय्या! मिसेस लिम्स नी, फिनिश. कंट्री बेटर. यू वॉन्ट म्युझिक, कॅन. आय हॅव ट्रॅक, नो सिंगर इनसाइड. बट वन रूल.”

“काय?”

“हिअर नोबडी स्टँड अँड लुक.”

म्हणजे इथे उभं राहून बघायचं नाही. एका आजीने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. ती कानांवर टेकून डोळ्यांवर आली. टाच-चवड्याशी माझं भांडण नव्हतं, पण टाळी कुठे वाजवायची हा मतभेदाचा मुद्दा होता. मी समेवर वाजवत होतो. त्या सगळ्या भलत्याच ठिकाणी वाजवत होत्या. मी माझ्या परीने त्यांना समेवर आणायचा प्रयत्न केला आणि त्यांनी मला समजूतदारपणे मागच्या रांगेत पाठवलं.

दमून मी पेटीशी बसलो. म्हटलं, निदान या ट्रॅकची पट्टी तरी शोधू. काळी पाच दाबली, जुळेना. खाली आलो, जुळेना. आणखी खाली आलो आणि जुळली. काळी दोन! ट्रॅक काही माझ्यासाठी वर येणार नव्हता. मी इराला म्हटलं, “हिच्यात बघ बरं.” ती गायला लागली. पहिल्या ओळीलाच न्हाणीघरातला तो आवाज बाहेर आला, भरलेला, खाली उतरताना जास्तच मोकळा होणारा. आज्या नाचतच राहिल्या, कारण थांबून बघायचं नाही हा नियमच होता. मी मात्र भाता मारायचा विसरलो.

“मुलींची पट्टी काळी पाच,” मी रात्री जेवताना स्मिताला म्हटलं, “असं कोणी ठरवलं असेल गं?”

“तुम्हीच,” ती वरण वाढत म्हणाली.

मंगळवारमागून मंगळवार आम्ही जात राहिलो आणि इरा गात राहिली. माझ्या अनुभवाप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती. पण तिथून जाणाऱ्या मंडळातल्या कोणीतरी माझा व्हिडिओ काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. टोपी, टाच, चवडा, सगळं. खाली अंगठ्यांचा आणि हसून रडणाऱ्या तोंडांचा खच. ‘काकांची सेकंड इनिंग’ असं एकाने लिहिलं. ज्यांना मी गीतेचा पंधरावा अध्याय पाठवायचो त्यांनी मला उलट टोपीची चित्रं पाठवली.

आणि निशिकांतांचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? सगळ्या आज्यांना आणा! दोन संस्कृतींचा संगम! शिवाय तुमची एंट्री आहेच डान्समध्ये. पत्रिकासुद्धा छापायला दिली.”

“आणि इरा?”

ते म्हणाले, “हो, इरा आहेच. फक्त मराठी कडवं आमची जाई म्हणेल, तिचा आवाज जरा... हॉलमध्ये वर जातो. इरा मागे कोरसला. छान दिसेल. समितीचं तसं मत पडलं.”

जाई निशिकांतांची मुलगी, गोड पोर, आवाज चांदीच्या वाटीसारखा. तिच्यात काही खोट नव्हती. म्हणून तर मला जास्त राग आला. खोट असती तर बोलता आलं असतं.

पत्रिका आली. त्यावर छापलं होतं: ‘कंट्री नृत्य – हेमचंद्र सर आणि मैत्रिणी. गायन – जाई. सहभाग – इरा.’

“मैत्रिणी!” स्मिता म्हणाली. “पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला साधं ‘सोबत’ म्हणून कुठे छापलं नाहीत.”

पण मी विनोदाच्या मनःस्थितीत नव्हतो. इरा पत्रिका वाचत होती. वाचून तिने ती नीट घडी केली.

“इट्स ओके, आजोबा. आय कॅन मूव्ह माय लिप्स. आय नो हाऊ.”

मी उठलो, फोन घेतला आणि निशिकांतांना सांगितलं की आमचा कार्यक्रम रद्द. इरा एकटी गाईल, नाहीतर कोणीच नाही. ते विनवण्या करायला लागले. काका, आज्यांनी लाल रुमाल शिवून घेतले, हॉलवाल्यांना आकडा कळवला. मी म्हटलं, रुमाल त्या बाजारात घेऊन जातील. फार वर्षांनी इतक्या वरच्या पट्टीत बोललो असेन.

फोन ठेवला तर समोर इरा उभी.

“आजोबा, व्हाय कॅन्सल? मिसेस कोहला वाईट वाटेल.” ती मराठीत बोलते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

“तुला मागे उभं करतायत ते.”

“मी मागे पण नाही उभी राहणार. पुढे पण नाही. मला स्टेज नकोय.”

“मग इतके दिवस आपण काय करत होतो?”

“तुम्ही स्टेज-स्टेज करत होता,” ती म्हणाली. “मला फक्त मोठ्याने गायचं होतं.”

स्मिताने माझ्याकडे बघितलं आणि फोन पुन्हा माझ्या हातात दिला. मी पुन्हा फोन केला, कार्यक्रम चालू आहे असं कळवलं, आणि निवेदनातून ‘सहभाग – इरा’ तेवढं गाळायला सांगितलं. निशिकांतांनी तीन वेळा आभार मानले आणि ‘टोपी विसरू नका’ म्हणाले.

संमेलनाला हॉल भरला होता. फराळ झाला, भाषणं झाली, आणि आमची पाळी आली. जाईने मराठी कडवं सुरेख म्हटलं. गाय आली, पणत्या लागल्या, टाळ्या पडल्या. लाल रुमाल बांधलेल्या माझ्या मैत्रिणी टाच-चवडा करत होत्या आणि मागच्या रांगेत मी त्यांच्या पायांकडे बघून जीव मुठीत धरून चाललो होतो. कडवं संपलं. आता इंग्रजी कडवं नुसतं वाजायचं होतं, आणि त्यावर सगळ्यांनी एकदम मागे वळायचं होतं. व्हॉइड डेकवर मी तिथल्या भिंतीवरच्या टपालपेट्यांच्या दिशेने वळायचो. हॉलमध्ये टपालपेट्या नव्हत्या. सगळ्या जणी वळून प्रेक्षकांना पाठमोऱ्या झाल्या. मी एकटा उलटा वळलो आणि भर रंगमंचावर प्रेक्षकांसमोर तोंड करून उभा राहिलो.

हशा पिकला. पण त्या हशाच्या खालून एक सूर येत होता. जाड, खरखरीत, काळी दोनमधला. ज्या कडव्यावर गायचं नाही असं समितीने ठरवलं होतं, ते कोणीतरी गात होतं. माना वळायला लागल्या, हशा विरत गेला. बाजूच्या रांगेत, आईशेजारच्या खुर्चीवर मांडी घालून, हातात अर्धी चकली धरून इरा गात होती. कोणाकडे बघत नव्हती. जा, कुत्रा घेऊन जा, पण दिवा तेवढा चालू ठेव. निशिकांत पडद्याशी हात वर करून उभे होते. गप्प करायचा म्हणून उचललेला तो हात तसाच राहिला, आणि जाईने मात्र माइक आपल्या तोंडापासून दूर धरला होता, इराच्या दिशेने, जेवढा पुरेल तेवढा.

पाठमोऱ्या मैत्रिणींना यातलं काही दिसत नव्हतं. मिसेस कोह मान न वळवता दातांतल्या दातांत म्हणाल्या, “अंकल! राँग वे! टर्न, टर्न!”

“वेट,” मी म्हटलं, आणि कडवं संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.